दोन फुटी फिशटँकचा १५ वॉटचा पंप: पंप बरा आहे, बोर्डाची जागा बघा

ठाण्यात नौपाड्यात विचारा नाहीतर नवी मुंबईत वाशी-नेरूळला, दोन फुटी टाकी घेतली की सोबत बहुतेक हाच पंप मिळतो. काळा, १५ वॉटचा, पाण्यात बुडवून ठेवायचा आणि स्पंजमधून पाणी गाळणारा, खाली स्पंजची नळी, मागे काचेला चिकटवायचे रबरी कप. किंमत चारपाचशेच्या आसपास. या वर्गातले पंप आतून जवळपास सारखेच असतात, त्यामुळे हे मत एका ब्रँडचं नसून या जातीच्या पंपाचं आहे.

आधी हिशेब. २४ × १२ × १५ इंचांच्या टाकीत काठोकाठ ७० लिटर पाणी मावतं. खडी, शोभेचे दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता ५५ ते ६० लिटर उरतं. ते तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, म्हणजे साधारण २५० ते ३५० लिटर प्रति तास. खोक्यावर ८००-९०० लिहिलेलं बघून दचकू नका. तो आकडा स्पंज काढून, पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. स्पंज लावून आठवडाभर मळला की प्रवाह बराच खाली येतो, आणि मग हा पंप दोन फुटी टाकीला नेमका बसतो.

खरा प्रवाह मोजणं सोपं आहे. आउटलेटला (पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला) पाइप लावून ५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा आणि १८,००० ला त्या सेकंदांनी भागा. ४५ सेकंद लागले तर ४०० लिटर प्रति तास. खोक्यावरचं ‘एच-मॅक्स १ मीटर’ म्हणजे त्या उंचीवर प्रवाह शून्य. ही उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची, पंप किती खोल बुडवलाय त्यावरून नाही. म्हणून टाकीवरच्या टॉप फिल्टरला हा पंप चालतो, पण खालच्या कपाटात संप (फिल्टरची वेगळी टाकी) ठेवून तिथून चार फूट पाणी चढवायला घेतलात तर पैसे वाया. फायटर (बेटा) माशाच्या टाकीलाही घेऊ नका. त्या माशाला पाण्याची ओढ सोसत नाही. त्याला आणि गप्पीच्या पिल्लांना एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर बरा.

जागा: मागच्या काचेवर, एका कोपऱ्यात, खडीपासून दोन-तीन इंच वर. खडीला टेकला तर वाळूचा कण इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्यात) जातो आणि घरघर सुरू होते. आउटलेट पृष्ठभागाच्या जरा खाली आणि टाकीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, पाण्यावर लहर उठली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्या दिवसांत ही लहर फिल्टरइतकीच मोलाची. रबरी कप मात्र या पंपाची सर्वांत कच्ची बाजू. काही महिन्यांत कडक होऊन सुटतात, जादा जोड घेऊन ठेवा.

आता वीज, कारण इथेच घरोघरी चुका दिसतात. टाकीखाली फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्यावर सरळ उतरणारी वायर, ही मांडणी आधी मोडा. वायरवरून ओघळणारं पाणी थेट सॉकेटमध्ये जातं. बोर्ड भिंतीवर, टाकीच्या बाजूला लावा. वायर आधी सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडून मग वर प्लगकडे न्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी टपकतो. पंपाला बहुधा दोन पिनांचाच प्लग असतो, अर्थिंग नाही. नुसता एमसीबी (जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरला चीर दिसली तर टेप गुंडाळत बसू नका, पंप फेका.

पाणी बदलतानाही पंप बंदच हवा. भोवतालच्या पाण्यानेच तो थंड राहतो आणि त्यातच त्याचा शाफ्ट (आतला दांडा) फिरतो. कोरडा चालला की शाफ्ट घासतो, कॉइल तापते. दुकानात ‘चालू करून दाखवा’ म्हणाल तेव्हा बादलीतच चालवायला लावा.

सोबत एअर पंप असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि तिथून फरशीवर. व्हॉल्व्ह उलटा बसला तर हवाच जाणार नाही, तोंडाने फुंकून दिशा बघून घ्या.

स्पंज आठवड्याने धुवा, पण टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातले उपयोगी जिवाणू मारतं. वीज बरेच तास गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी स्पंज पिळा, आत कुजलेलं पाणी टाकीत जायला नको. इम्पेलर महिन्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरमध्ये तासभर बुडवल्यावर सुटतो.

दिवसरात्र चालून महिन्याला ११ युनिटच्या आसपास वीज लागते. दोन फुटी टाकीत रोजचे साधे मासे असतील तर जरूर घ्या, फक्त सुटा इम्पेलर मिळतो का ते विचारून. मिळत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा बघा.