सेल्सच्या पहिल्या मुलाखतीसाठी मॉक इंटरव्ह्यू सेवा: पैसे कशाचे मोजावेत?

सेल्सच्या पहिल्या नोकरीची तयारी करून देणाऱ्या सेवा साधारण तीन प्रकारच्या असतात. प्रश्नोत्तरांचा संच आणि त्यासोबत रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, अ‍ॅपवरचा सराव, आणि माणसासमोर बसून दिलेली मॉक मुलाखत. पैसे द्यायचेच असतील तर फक्त तिसऱ्या प्रकाराला द्यावेत, आणि तेही रोल-प्ले (समोरचा ग्राहक बनतो आणि उमेदवार त्याला विकून दाखवतो) दोनदा घेतला जाणार असेल तरच. एकदा करायचा, चूक ऐकायची आणि तोच प्रसंग लगेच पुन्हा करायचा.

या अटीचं कारण खऱ्या मुलाखतीतच आहे. नवख्या उमेदवाराला विकता येतं का, हे सेल्स मॅनेजर फारसं तपासत नाही. विकायला तो नंतर शिकवणारच असतो. सांगितलेलं हा उमेदवार किती लवकर उचलतो, हे त्याला बघायचं असतं. म्हणून पुष्कळदा रोल-प्ले मध्येच थांबवून तो म्हणतो, "किंमत फार लवकर सांगितलीत. पुन्हा एकदा करू या." दुसऱ्या खेपेला किंमत पुन्हा पहिल्याच मिनिटात आली, तर पुढची सगळी उत्तरं चांगली असूनही निवड कठीण होते. चूक मान्य करून लगेच वेगळं करून दाखवायची सवय वाचून लागत नाही.

प्रश्नोत्तरांच्या संचावर खर्च करू नये. त्यातले प्रश्न फुकट मिळतात आणि तयार उत्तरं उलट नुकसान करतात. "सेल्समध्ये का यायचंय?" याचं "मला लोकांशी बोलायला आवडतं" हे उत्तर बहुतेक संचांत असतं, आणि मॅनेजरने ते आधीच्या उमेदवाराकडूनही ऐकलेलं असतं. शिवाय या कामात बोलण्याइतकंच ऐकून घ्यावं लागतं आणि रोज नकार पचवावा लागतो, हे उमेदवाराला ठाऊक नाही असाच त्याचा अर्थ निघतो. त्यापेक्षा एक खरा प्रसंग तयार ठेवावा: कार्यक्रमाची तिकिटं विकली, वर्गणी गोळा केली, दुकानात काम केलं, काहीही चालेल. किती जणांना विचारलं, किती जण नाही म्हणाले, त्यानंतर विचारण्याची पद्धत कशी बदलली आणि शेवटी आकडा किती झाला, एवढं दीड मिनिटात सांगता आलं पाहिजे. आकडा लहान असला तरी हरकत नाही. फुगवलेला आकडा मात्र "तो कसा मोजला?" या पुढच्याच प्रश्नाला उघडा पडतो.

अ‍ॅपचा उपयोग आहे, पण मर्यादित. बोलण्याचा वेग, "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" यांसारखे अडखळशब्द आणि उत्तराची लांबी ती नीट मोजतात. मुलाखतीची पहिली फेरी बहुधा १५ ते २० मिनिटांचा फोन असतो. तिथे आवाज, स्पष्टपणा, फिरतीची तयारी आणि पगाराची अपेक्षा एवढंच बघितलं जातं, आणि त्या फेरीसाठी हा सराव पुरेसा आहे. पुढच्या फेरीला तो तोकडा पडतो. अ‍ॅपमधला ग्राहक बहुतेक वेळा फार समजूतदार असतो: दोन मुद्दे मांडले की राजी होतो. मुलाखतीत ग्राहक झालेला मॅनेजर मुद्दाम मोबाइलकडे बघतो, मध्येच तोडतो, गप्प बसतो. ती शांतता सहन होत नाही म्हणून उमेदवार बोलत सुटतो आणि कोणी न मागताच सवलत देऊन बसतो.

आता माणसासमोरची मॉक मुलाखत. चांगल्या ६० मिनिटांचा हिशेब साधारण असा असावा: ओळख आणि नेहमीचे प्रश्न १० मिनिटं, पहिला रोल-प्ले १०, अभिप्राय १५, दुसरा रोल-प्ले १०, उरलेली १५ मिनिटं पगार, टार्गेट आणि उमेदवाराने विचारायचे प्रश्न यांसाठी. रेकॉर्डिंग मिळालंच पाहिजे. बुक करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः सेल्ससाठी माणसं निवडली आहेत का? आणि नोकरीची जाहिरात ते आधी मागवून घेतात का? जाहिरात न मागणारा माणूस दुकानातल्या विक्रीला आणि कंपन्यांना फोन करण्याच्या कामाला एकच तयारी करून देतो. ही दोन्ही कामं एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत.

सेवेची खरी पारख "हे पेन मला विका" या प्रसंगात होते. पेनचे गुण कसे सांगायचे हे शिकवत असतील तर ती सेवा सोडून द्यावी. क्रम असा हवा: आधी तीन-चार प्रश्न (सध्या कोणतं पेन वापरता, कशासाठी, त्यात काय खटकतं), मग त्या उत्तराला लागू पडणारा एकच गुण, आणि शेवटी सरळ मागणी: "दोन देऊ का?" नवखे उमेदवार सर्वाधिक अडतात ते या शेवटच्या वाक्यावर. सगळं छान बोलून ते थांबतात आणि ग्राहकच कधी हो म्हणतो याची वाट बघतात.

"महाग आहे" असं ग्राहक म्हणाला की लगेच किंमत उतरवू नये. "कशाच्या तुलनेत?" एवढं विचारून थांबावं. कधी अडचण खरोखर किमतीची असते, कधी निर्णय भलत्याच माणसाच्या हातात असतो. "विचार करून सांगतो" यावर "नक्की कोणत्या गोष्टीचा विचार राहिलाय?" असं विचारून पुढच्या फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्यावी. हा सराव त्या तासात झाला नाही, तर तास वाया गेला असं समजावं.

अभिप्राय कसा मिळतो, यातही मोठा फरक असतो. "आत्मविश्वास ५ पैकी ३" अशा तक्त्याने काहीच सुधारत नाही. "बजेट नाही म्हटल्यावर तुम्ही चार वाक्यं सलग बोललात, पहिल्या वाक्यानंतर प्रश्न विचारा" हे सांगणारा माणूस फीला जागतो.

आकड्यांची तयारी बहुतेक सेवा वगळतात, आणि ही मोठी उणीव आहे. "टार्गेट कसं गाठाल?" याला "खूप मेहनत करेन" हे उत्तर चालत नाही, उलटा हिशेब मांडावा लागतो. समजा महिन्याला १० विक्री हव्यात. ५ डेमोंमागे १ विक्री होते, म्हणजे ५० डेमो. ४ संभाषणांमागे १ डेमो, म्हणजे २०० संभाषणं. ५ फोनमागे १ नीट संभाषण, म्हणजे १,००० फोन. कामाचे २२ दिवस धरले तर रोज ४५-४६. प्रत्यक्ष प्रमाण त्या कंपनीचं काय आहे, हे तिथेच विचारावं. तो प्रश्नसुद्धा उमेदवाराच्या खात्यात जमा होतो.

पगाराचंही तसंच. फिक्स्ड (ठरलेला) भाग किती आणि व्हेरिएबल (विक्रीवर अवलंबून असलेला) किती, टार्गेटच्या किती टक्क्यांपासून इन्सेंटिव्ह सुरू होतो (८० टक्क्यांची अट असेल तर ७९ टक्क्यांना इन्सेंटिव्ह काहीच मिळत नाही), ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर दिलेलं कमिशन परत घेतात का, पहिल्या काही महिन्यांत टार्गेट कमी असतं का, लीड (संभाव्य ग्राहकांची नावं) कंपनी देते की स्वतः शोधायच्या, आणि सध्याच्या टीममधले किती जण टार्गेट पूर्ण करतात. शेवटच्या प्रश्नाला मॅनेजर गोलमोल बोलला तर सावध व्हावं. रुजू होण्याआधी डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा सामानाचा संच विकत घ्यायला सांगितला, तर तिथून निघावं. तिथे विक्री मालाची नसून उमेदवारालाच केली जात असते. नोकरीची हमी देणाऱ्या तयारी-सेवांनाही हाच नियम लावावा, कारण निवड त्यांच्या हातात नसते.

बुकिंग मुलाखतीच्या ४-५ दिवस आधीचं घ्यावं. आदल्या संध्याकाळी कळलेली चूक फक्त धास्ती वाढवते. मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग ऐकून बोलण्याची वाटणी तपासावी: ग्राहकापेक्षा आपणच जास्त बोललो असू, तर प्रश्न कमी पडले. काही सेवा मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलचा नमुनाही देतात. तो जसाच्या तसा पाठवू नये. २४ तासांच्या आत चार ओळींचा मेल जावा, त्यात मॅनेजरने सांगितलेल्या एका अडचणीचा उल्लेख असावा आणि पुढची फेरी कधी आहे हे विचारलेलं असावं. फॉलो-अप न करणारा उमेदवार ग्राहकाचाही करणार नाही, असंच मॅनेजर धरून चालतात.