‘पेटंट मिळाले’ म्हणून मला दिलेला कागद

ज्यांनी स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू सुधारली आहे आणि तिचे पेटंट घ्यावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. ज्या सल्लागार संस्थेने मला फसवले तिच्याविरुद्धची माझी तक्रार अजून चालू असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. रकमा, तारखा आणि कागद मात्र जसे आहेत तसेच सांगतो.

मी नाशिकला 22 वर्षे प्लंबिंगची कामे घेत आहे. बाथरूमच्या फरशीत पाणी जाण्यासाठी जो ट्रॅप बसवतात त्याला आमच्या धंद्यात नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या ‘न्हाणी’चा हा शब्द बांधकामाच्या इंग्रजी निविदांतही तसाच लिहिला जातो. या ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभे असते आणि तेच ड्रेनेजचा वास व झुरळे अडवून धरते. घर महिना-दोन महिने बंद राहिले की हे पाणी उडून जाते आणि परत आलेल्या माणसाला दार उघडताच दुर्गंधी येते. यावर झडपेचे ट्रॅप बाजारात मिळतात, परंतु झडपेच्या बिजागरीत केस अडकले की ती अर्धवट उघडीच राहते. मी बिजागरी काढून टाकली. सिलिकॉनची कड असलेली एक हलकी चकती पाण्यावर तरंगते, पाणी आटले की खाली उतरून भोकावर बसते, आणि तीन उभ्या पट्ट्या तिला इकडेतिकडे सरकू देत नाहीत.

खरी अडचण या पट्ट्यांचीच होती. शेजारच्या केशकर्तनालयातून कागदी पिशवीत केस आणून, ते साबणाच्या पाण्यात कालवून मी पारदर्शक ॲक्रिलिकच्या नमुन्यात ओतत असे. पट्ट्या सरळ असताना तिसऱ्या-चौथ्या बादलीलाच त्यांच्याभोवती केसांचे वेटोळे बसे आणि चकती तिरपी होऊन अडकत असे. पट्ट्या खाली निमुळत्या करून पाण्याच्या ओघाकडे तिरक्या ठेवल्या तेव्हा केस घसरून खाली जाऊ लागले, आणि 60 बादल्या ओतल्यानंतरही चकती सुटीच राहिली. माझा शोध म्हणाल तर तो हा तिरकेपणा होता. तरंगती चकती ही काही जगात नवी गोष्ट नव्हे, हे मलाही माहीत होते.

फेब्रुवारी 2021 मध्ये पुण्यातील एका संस्थेची माणसे मला भेटली. ‘ड्राफ्टिंगपासून ग्रँटपर्यंत (म्हणजे मसुदा लिहिण्यापासून पेटंट मिळेपर्यंत) सगळे आम्ही पाहू, तुम्ही फक्त कागदपत्रे द्या,’ असे त्यांनी सांगितले. मी 45,000 रुपये भरले आणि आधार, पॅन व छायाचित्र दिले. त्यांनी मोबाइलवर कॅमेऱ्यापुढे नाव सांगायला लावून माझे एक चित्रण घेतले. ते पेटंटच्या अर्जासाठीच असावे असे मी समजलो. प्रत्यक्षात ते माझ्या नावाने डिजिटल सहीचे प्रमाणपत्र काढण्यासाठी होते, आणि ती सही त्यानंतर त्यांच्याच ताब्यात राहिली. मार्च 2021 मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज दाखल झाला. अर्ज खरा होता, हे मुद्दाम सांगतो. क्रमांक 202121 ने सुरू होणारा बारा आकडी होता. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा 2 मुंबई कार्यालयाचा आणि सहावा 1 साध्या अर्जाचा. अशा क्रमांकामुळे माणसाचा विश्वास बसतो, तसा माझाही बसला.

नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी आणखी 40,000 रुपये घेतले आणि थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर एक प्रमाणपत्र पाठवले. त्यावर अशोकस्तंभ होता, माझे नाव होते आणि सोबत संदेश होता, ‘पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, साहेब.’ आम्ही घरात पेढे वाटले. मी प्रमाणपत्राची चौकट करून दुकानात लावली. आज तोच कागद हातात घेतला की पहिल्याच ओळीत स्पष्ट दिसते, ते डिझाइन नोंदणीचे प्रमाणपत्र आहे. क्रमांक सहा आकडी, त्यापुढे जोडरेघ आणि 001, आणि नोंद कोलकात्याची. डिझाइन कायदा, 2000 हा वस्तूच्या केवळ बाह्य रूपाला संरक्षण देतो. ती वस्तू आत कशी काम करते याच्याशी त्याचा संबंध नसतो. माझ्या ट्रॅपचे बाहेरचे रूप बाजारातल्या इतर ट्रॅपसारखेच आहे, आणि पट्ट्या तर जाळीखाली, कोणाला दिसतही नाहीत. एकट्या माणसासाठी या नोंदणीची सरकारी फी 1,000 रुपये आहे.

या कागदाने माझे पुढचे सगळे नुकसान केले, म्हणून त्याविषयी एवढे लिहिले. पेटंट मिळाले आहे असे समजून मी डिसेंबर 2021 पासून ते ट्रॅप उघडपणे विकू व बसवू लागलो. दोन गृहसंकुलांत ते लागले, दुकानात काचेच्या भांड्यात पाणी सोडून मी ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत असे, आणि पट्ट्या तिरक्या का आहेत हेही मोठ्या हौसेने समजावून सांगत असे.

प्रोव्हिजनल अर्जानंतर 12 महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे संपूर्ण लेखी वर्णन, द्यावे लागते. दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. मार्च 2022 मध्ये संस्थेने ‘शेवटची तारीख आली आहे’ असे सांगून 52,000 आणि पाठोपाठ ‘जलद प्रकाशना’साठी 25,000 रुपये घेतले. पेटंट मिळाले असताना आणखी अर्ज कशासाठी, असे मी विचारले. तेव्हा ‘ते आकाराचे मिळाले, आता कार्याचे मिळवायचे आहे’ असे उत्तर आले. त्या उत्तरावर मी थांबून विचार करायला हवा होता. मसुदा मला दाखवला नाही. मीही मागितला नाही.

जानेवारी 2024 मध्ये राजकोटच्या एका कारखानदाराने साचा करून मोठ्या प्रमाणावर उत्पादन घेण्याची तयारी दाखवली आणि पेटंट क्रमांक मागितला. मी प्रमाणपत्र पाठवले. त्याने दुसऱ्या दिवशी फोन करून शांतपणे सांगितले की हे पेटंट नाही. त्या संध्याकाळी माझ्या पुतणीने पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर, जिथे कोणीही विनामूल्य शोध घेऊ शकतो तिथे, अर्जाचा बारा आकडी क्रमांक टाकला. एप्रिल 2022 मध्ये अर्ज प्रकाशित, म्हणजे सर्वांना वाचायला खुला झाला होता. डिसेंबर 2022 मध्ये पहिला परीक्षण अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, तो निघाला होता. त्याला उत्तर देण्याची सहा महिन्यांची मुदत जून 2023 मध्ये संपली होती, तीन महिन्यांची वाढीव मुदत कोणी मागितली नव्हती, आणि स्थितीच्या रकान्यात कलम 21(1) खाली अर्ज सोडून दिल्याचे मानण्यात आले आहे असे लिहिले होते. अहवाल मला मिळाला नाही, कारण अर्जात पत्रव्यवहारासाठी दिलेला ई-मेल त्या संस्थेचा होता. नोंदणीकृत पेटंट एजंट म्हणून त्यात कोणाचेच नाव नव्हते. कागदोपत्री तो अर्ज मी स्वतः, माझ्या डिजिटल सहीने, एकट्याने केलेला होता.

परीक्षकाचा अहवाल मी पुतणीकडून तीनदा समजावून घेतला आणि मला त्यात अन्याय दिसला नाही. तरंगत्या बुचाचे दोन जुने परदेशी दस्तऐवज त्यांनी पुढे ठेवले होते आणि म्हटले होते की अर्जातील क्लेम, म्हणजे शोधातील कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये, त्यांच्या तुलनेत कल्पक पाऊल ठरत नाहीत, म्हणजे जाणत्या माणसाला ते सहज सुचले असते. माझा क्लेम वाचला तर कोणताही जाणता माणूस हेच म्हणेल. संपूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये पट्ट्यांविषयी एकच उल्लेख होता, ‘चकतीला मार्गदर्शन करणारे साधन’. तिरकेपणा नाही, निमुळतेपणा नाही, केसांचा तर शब्दही नाही. आकृतीत पट्ट्या सरळ उभ्या काढल्या होत्या. मी 3 मार्च 2021 ला केसांच्या चाचणीचे जे चित्रण पाठवले होते, ते कोणी उघडून पाहिले असेल असे मला वाटत नाही.

मुंबईतील एका नोंदणीकृत एजंटांनी सर्व कागद वाचून मला जे सांगितले, ते इतरांना उपयोगी पडेल. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये जे लिहिलेले नाही ते पुढे दुरुस्ती म्हणून घालता येत नाही. पेटंट कायद्याचे कलम 59 त्याला मनाई करते. म्हणजे एफईआर वेळेवर मिळाला असता, तरीही ‘पट्ट्या तिरक्या आहेत’ हे वाक्य मला उत्तरात जोडता आले नसते. कलम 60 चा पुनर्स्थापनेचा मार्ग मिळालेले पेटंट नूतनीकरण फी न भरल्याने संपले तरच असतो. एजंटच्या हलगर्जीपणामुळे गेलेला अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका प्रकरणात पुन्हा जिवंत केला आहे, पण माझ्या अर्जात एजंटच नाही, आणि तो अर्ज जिवंत करूनही त्यात माझा शोध नाही. मग तिरक्या पट्ट्यांसाठी नवा अर्ज करावा म्हटले, तर तीच वस्तू मी दोन वर्षे लोकांना विकत व दाखवत आलो आहे. जे आधीच सार्वजनिक वापरात आहे ते नवे राहत नाही. एप्रिल 2022 चे प्रकाशन झाले नसते आणि मी विक्री सुरू केली नसती, तर जुना अर्ज वेळेत मागे घेऊन नीट लिहिलेला नवा अर्ज करता आला असता. अर्ज मागे घेण्यासाठी फॉर्म 29 आहे, त्याला फी नाही, आणि पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 15 महिन्यांच्या आत तो दिला तर अर्ज प्रकाशितच होत नाही. जलद प्रकाशनाने ती वाट बंद केली आणि त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर केलेल्या विक्रीने दुसरी.

मी एकूण 1,62,000 रुपये दिले. त्यातून सरकारकडे गेले ते अर्जाचे 1,600, जलद प्रकाशनाचे 2,500, परीक्षणाच्या विनंतीचे 4,000 आणि डिझाइनचे 1,000, म्हणजे 9,100. चांगला एजंट आपल्या कामाचे पैसे घेतो आणि ते घ्यावेतही, कारण उत्तम स्पेसिफिकेशन लिहिणे हे कसबाचे काम आहे. पण तो एजंट असला पाहिजे. त्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा लागते, आणि नोंदणी झालेल्यांची यादी कार्यालयाच्याच संकेतस्थळावर आहे. भेटीला आलेल्या माणसाचे नाव त्या यादीत आहे का, हे मी पाच मिनिटांत पाहू शकलो असतो. अर्जावर पत्रव्यवहाराचा ई-मेल आणि मोबाइल स्वतःचा घालावा. डिजिटल सही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. मसुदा इंग्रजीत असतो म्हणून बिचकू नये, जाणत्या नातेवाइकाकडून एकेक क्लेम मराठीत समजावून घ्यावा आणि आपल्या वस्तूत जे खरोखर वेगळे आहे ते त्यात शब्दांनी आणि आकृतीने आले आहे का ते पाहावे. तोवर वस्तू कोणालाही विकू नये आणि दाखवूही नये.

मे 2024 मध्ये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. संस्थेचे म्हणणे असे की ही सेवा व्यापारी हेतूने घेतली असल्यामुळे मी ग्राहकच ठरत नाही, आणि अर्ज माझ्याच सहीचा आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानले आहे, यावर आमचा युक्तिवाद झाला असून निर्णय यायचा आहे. तक्रारीला मी पैशांच्या पावत्या, 3 मार्च 2021 चे ते चित्रण आणि स्पेसिफिकेशनची प्रत जोडली आहे. चौकटीतून काढलेले डिझाइनचे प्रमाणपत्र आणि ‘पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ हा संदेश मी एकाच पानावर, शेजारी शेजारी लावले आहेत.