बॅटरीची क्लॅम्प-पट्टी: दिवाळी ते पोळा वापरल्यावर

आधी निकाल सांगते: घ्या. बॉनेट उघडून बॅटरी दोन्ही हातांनी धरा आणि हलवून बघा. जागची सरकली, तर सीट कव्हर नि म्युझिक सिस्टिमचे पैसे बाजूला ठेवा आणि पहिले ही पट्टी बसवा. मी गेल्या दिवाळीत बसवली. तेव्हापासून तिने रावेर-यावलकडचा मे महिना काढला, केळीच्या बागांचे गाडरस्ते काढले, आणि आता काळ्या मातीतला चिखलही. पोळा आला, म्हणून आता लिहिते आहे.

वस्तू साधी आहे. खाली पत्र्याचा ट्रे, त्याच्या भोकांत अडकणारे दोन हूक बोल्ट, बॅटरीच्या डोक्यावरून जाणारी रबर चढवलेली आडवी पट्टी, वॉशर आणि हाताने आवळायचे फ्लाय नट. जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात सगळा सेट साडेतीनशेच्या आत मिळाला.

आमची गाडी जुनी, सात सीटर, डिझेल, दुसऱ्याकडून घेतलेली. आधीच्या मालकाने बॅटरी बदलताना माप बघितलं नव्हतं. नवी बॅटरी उंचीला जास्त, रुंदीला कमी. मूळ क्लॅम्पचे बोल्ट पुरेनात, म्हणून क्लॅम्प काढून टाकला आणि टायरच्या ट्यूबची पट्टी ओढून बांधली. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण इंजिनच्या उष्णतेत रबर सैल पडतं, आणि आपल्याकडचा पारा 45 च्या पुढे गेला की बॉनेटखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

गतिरोधकावरून गाडी गेली की हेडलाइट क्षणभर मिचकायचे. कधी सेल्फ मारला तर नुसता 'कट्' आवाज. गॅरेजवाल्या दादाने बॉनेट उघडलं, बॅटरीला हात लावला आणि म्हणाला, "ताई, ही तर नाचून राहिली ना!" मग त्याने मला बॉनेटची आतली बाजू दाखवली. प्लसच्या टर्मिनलच्या अगदी वर शेंगदाण्याएवढा काळा डाग. मधला रंग जळून पत्रा उघडा पडलेला, कडेला वितळलेल्या धातूचे बारीक मणी. टर्मिनलवरचं लाल टोपण केव्हाच पडून गेलेलं. बॅटरी उसळून प्लस वर टेकला होता, एकदा तरी.

तो डाग बघितल्यापासून मी ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला हे सांगत सुटले आहे. बहुतेकांचं उत्तर एकच: "12 व्होल्ट आहे, त्याला काय होतं? शॉक तर लागत नाही." शॉक लागत नाही, हे खरं. पण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस बॉनेटला टेकला की मध्ये अडवणारं काहीच उरत नाही आणि शेकडो अँपिअर करंट एकदम वाहतो. फ्यूज उडेल म्हणावं, तर स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूजच नसतो. ती केबल तापून लाल होते, तिचं प्लास्टिक पेटतं, आणि शेजारीच डिझेलचे पाइप असतात. पाना चुकून प्लस आणि बॉडीला एकदम लागला तर तिथेच चिकटतो, हे गॅरेजवाले सांगतात ते उगाच नाही.

त्यात गॅसची भर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन साचला तरी एक ठिणगी पुरते. सैल बॅटरीत ठिणगी आणि गॅस एकाच जागी भेटतात. केस फुटली की आतलं सल्फ्युरिक ॲसिड सगळीकडे उडतं, आणि बॉनेट उघडून वाकलेल्या माणसाचं तोंड तिथून हातभर अंतरावर असतं.

डिझेल गाडीची मोठी बॅटरी 17-18 किलोची असते. जोरात ब्रेक मारला की एवढं वजन पुढे जाऊ बघतं, आणि त्याला धरून ठेवायला उरतात फक्त दोन केबली. धावत्या गाडीत टर्मिनल निसटलं तर अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं, व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं. हल्लीच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, त्यात जाऊ शकतो, आणि त्याच्या किमतीत अशा पट्ट्या किती येतील त्याचा हिशेब तुम्हीच करा.

आमच्या त्या बॅटरीचं नुकसान आधीच झालेलं होतं. दादाने मीटर लावला, तर रात्रभर चार्ज करूनही 10.5 व्होल्टच. चांगली भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. आत सहा सेल, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा, म्हणजे एक सेल मेला. सतत हादरे बसले की शिशाच्या प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी गाळ साचतो आणि एक दिवस दोन प्लेटा त्या गाळातून एकमेकींना जोडल्या जातात. नवी बॅटरी घ्यावीच लागली. या वेळी ट्रेची लांबी-रुंदी, बॉनेटपर्यंतची उंची आणि प्लस कोणत्या बाजूला येतो, एवढं लिहून नेलं.

आता पट्टीबद्दल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला आणायला चोपडा, शिरपूरवरून शहाद्याला गेलो, आणि पोरांच्या हट्टापायी तिथून तोरणमाळचा घाटही चढलो. वर पोचल्यावर गाडी गार झाली तशी बॉनेट उघडून बघितलं. बॅटरी तसूभरही हललेली नव्हती. मात्र फ्लाय नट सैल पडायला लागला होता, दोन बोटांनी फिरत होता. परत आल्यावर फ्लाय नट काढून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट, टाकले. तेव्हापासून पान्याशिवाय ते हलत नाहीत. सेट विकणाऱ्यांनी हेच नट आधीपासून द्यायला हवेत; चार-पाच रुपयांचा फरक असेल.

दुसरी तक्रार रबराची. मे संपेपर्यंत पट्टीवरचं रबर प्लसच्या टोकाकडे चिरलं आणि खालचं लोखंड दिसायला लागलं. ही गोष्ट मी लहान मानत नाही. बॅटरी धरून ठेवणारी पट्टीच प्लसला लागली तर पुन्हा तोच शॉर्ट. मी रबरी होजचा तुकडा उभा चिरून त्यावर चढवला आणि टर्मिनलला नवं टोपण घातलं. ट्रेच्या कोपऱ्यातली भोकं चिखलाने बुजतात आणि पावसाळ्यात पाणी साचून गंज धरतो, तेवढी काडीने मोकळी करावी लागतात. पांढरट बुकटी दिसली की खायच्या सोड्याचं पाणी टाकते. फेस येतो, ॲसिड मरतं, मग साध्या पाण्याने धुते. ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये.

बसवताना एक क्रम पाळा. सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. मायनस सुटलेला असेल तर प्लस खोलताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. आणि जोर लावून आवळू नका. पट्टी वाकायला लागली किंवा बॅटरीची कड दबलेली दिसली की जास्त झालं. केस तडकली तर ती सहसा वॉरंटीत येत नाही. हाताने हलत नाही, एवढंच पुरे.

ज्या बॅटरीला खालच्या बाजूला कड असते आणि गाडीतही ती कड दाबणारा ठोकळा असतो, तिथे हा सेट घेऊ नका. त्या गाडीचाच ठोकळा आणि बोल्ट मागा. आमच्या दिराच्या पेट्रोल गाडीला तो सत्तर रुपयांत मिळाला.