खुराड्याचा ऑटोमॅटिक दरवाजा: शेतावर मुक्काम नसेल तर

दरवाजा कामाचा, पण नुसत्या लाइट सेन्सरवर विसंबू नका. तो उजेड बघून दरवाजा पाडतो, त्यामुळे आभाळ दाटलं की दरवाजा लवकर पडतो आणि बाहेर राहिलेल्या कोंबड्या उदमांजराच्या तोंडी. टायमर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने लावा. ऋतूप्रमाणे वेळ सरकवावी लागतेच.

खरी कटकट झडप खाली जिथे बसते त्या खाचेत. भुसा साचला की झडप बोटभर वर राहते, पंजा घालून उचलता येते. खाच कोरड्या ब्रशने झाडा. तेलाने धूळ चिकटते. अडथळा लागताच मोटर थांबत नसेल तर घेऊच नका, कोंबडी चेंगरते.

दाणापाणी मात्र तो बघत नाही! अंड्यावरच्या कोंबडीला रोज साधारण १२० ग्रॅम खाद्य, पाव लिटर पाणी. कडक उन्हाळ्यात पाणी दुप्पट धरा.