काडिझला दिवसाच्या सहलीने जाऊ नका

स्पेनमधल्या सेव्हिलहून काडिझला जाणारे बरेच जण सकाळच्या गाडीने जातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. माझी लेक सेव्हिलला शिकते. तिच्याबरोबर राहणारी नागपूरची मुलगी मला म्हणाली, "काकू, एक दिवस खूप झाला, तिथे बघायला फार काही नाही." बिचारी खोटं बोलत नव्हती. बघायच्या जागा दीड दिवसात संपल्याच. पण आम्ही मे महिन्यात चार रात्री राहिलो, आणि माझं मत असं की तीन रात्रींच्या खाली या गावाला जाऊच नये.

गाडी पावणेदोन तासांच्या आत पोचवते आणि स्टेशन जुन्या गावाला अगदी खेटून आहे. जुनं गाव म्हणजे समुद्रात घुसलेली जीभ. जमिनीला चिकटलेली बाजू चिंचोळी, बाकी सगळीकडे पाणी. गल्ल्या इतक्या अरुंद की समुद्र दिसत नाही, पण वाऱ्यावरून तो कुठे आहे ते कळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या चालीने अर्धा-पाऊण तास. चार दिवसांत रिक्षा, बस, टॅक्सी कशाचीच गरज पडली नाही. इथली माणसं गावाचं नाव शेवट खाऊन नुसतं 'काइ' म्हणतात. आम्हा मालवणकडच्यांना पहिला दिवसभर कोणीतरी काहीतरी विचारतंय असंच वाटत राहिलं.

तक्रार आधी सांगून टाकते. जुन्या गावातलं घर भाड्याने घेतलं. जाहिरातीत 'ऐतिहासिक इमारत' असं लिहिलं होतं. ऐतिहासिक म्हणजे लिफ्ट नाही. तिसरा मजला, मधोमध झिजलेल्या संगमरवरी पायऱ्या आणि माझा उजवा गुडघा. ह्यांनी दोन्ही बॅगा वर नेल्या आणि त्यानंतर तासभर कोणाशी बोलले नाहीत. घर घेताना बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, लिफ्ट आहे का ते विचारा.

पण राहायचं तर जुन्या गावातच. पुढच्या नव्या भागात लांबलचक पुळण आणि मोठी हॉटेलं आहेत; छान आहेत, पण तसली कुठेही मिळतील. सकाळी खिडकी उघडल्यावर समोरच्या बाईने दोरीवर घातलेली चादर आपल्या हाताला लागेल, इतकं जवळ घर जुन्या गावातच मिळतं.

परंपरेनुसार फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनकडच्या प्राचीन दर्यावर्दी, व्यापाऱ्यांनी हे गाव इ.स.पू. 1104 मध्ये वसवलं. उत्खननात सापडलेलं त्याहून बरंच नंतरचं आहे, तरी पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या गावांत त्याची गणना होते. मला मात्र दगड आवडला. इथला बांधकामाचा जुना दगड आपल्या चिऱ्यासारखा भोकाभोकांचा, फक्त त्यात शिंपले अडकलेले असतात. जिथे गिलावा उडालाय तिथे भिंतीत अख्ख्या शिंपा दिसतात. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या पुरल्या आहेत, कशाला, तर वळणाऱ्या गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून. निवृत्त तोफेला दिलेलं इतकं समंजस काम मी कुठे पाहिलं नाही.

1717 साली अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचा कारभार सेव्हिलहून इथे आला आणि गावात पैसा ओतला गेला. व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे बांधले, आपलं जहाज येताना आधी आपल्यालाच दिसावं म्हणून. आजही सव्वाशेच्या आसपास मनोरे उभे आहेत. त्यांतला तोर्रे ताविरा हा 1778 मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा झाला. आज त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे: अंधारी खोली, वर आरसा आणि भिंग, खाली पांढरी थाळी, आणि त्या थाळीत अख्खं गाव हलतं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई, उडणारा पक्षी, सगळं जिवंत. चढायला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत. मी चढले. उतरताना गुडघ्याची क्षमा मागितली. तिकिटावर वेळ ठरलेली असते, म्हणून सकाळीच जाऊन घ्यावं.

कॅथेड्रलचं बांधकाम 1722 ला सुरू होऊन 1838 ला संपलं. मध्येच पैसा आटला, त्यामुळे खालचा दगड श्रीमंती आणि वरचा साधा. आत डोक्यावर जाळी लावली आहे, कारण खाऱ्या हवेने छताच्या खपल्या पडतात. कोकणात घर असलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तळघरात मानुएल दे फाया या संगीतकाराची समाधी आहे. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मात्र पायऱ्यांऐवजी उतार आहे. गुडघेवाल्यांनी हाच मनोरा धरावा. स्पेनची 1812 ची राज्यघटना जिथे मंजूर झाली ते सान फेलिपे नेरी चर्च आम्ही बाहेरूनच पाहिलं, कारण तोवर मासळीबाजाराची वेळ झाली होती.

मला खरं बोलायचंय ते बाजाराबद्दल. मध्यवर्ती बाजार 1838 सालचा, खांबांच्या ओळींचा, आणि मधोमध मासळी. रविवारी बंद. चकचकीत ट्यूना मटणासारखा कापून मांडलेला. मोरी होती. माकुलं होती, शाईसकट. आणि एका ट्रेमध्ये टणाटण उड्या मारणारी बारीक जिवंत कोळंबी, आपल्या जवळ्याहून जराशी मोठी. त्याला कामारोन म्हणतात. मी तिथेच उभी राहिले. लेक म्हणाली, "आई, चल ना, लोक बघतायत." बघू देत की.

या कामारोनची जी तोर्तियीता करतात, ती खाऊन मी गप्प झाले. गव्हाचं पीठ, बेसन, कांदा, पार्सली, आणि सालासकट अख्खी कोळंबी. बेसन! म्हणजे जवळ्याची भजीच की. पण भजी नव्हे, जाळीदार पापडी. कडेला कागदासारखी कुरकुरीत, मधे थोडी मऊ. गरमच खायची. गार झाली की तेल ओकते.

मासे खायला फ्रेइदुरीया शोधा, म्हणजे तळणीचं दुकान. पाव किलो, अर्धा किलो असं वजनावर मागायचं, कागदाच्या पुडीत बांधून देतात, आणि चौकात बसून हाताने खायचं. रवा नाही, तिखट नाही, हळद नाही. नुसतं पीठ आणि ऑलिव्हचं तेल. पहिल्या घासाला मला दया आली. तिसऱ्या घासाला कळलं की मासा सकाळचा असेल तर मसाला त्याच्यावर उपकार करत नाही. तरी ज्यांना आपली चव हवी त्यांनी कासोन एन अदोबो घ्यावं: मोरीचे तुकडे, व्हिनेगर, लसूण आणि चक्क जिऱ्यात मुरवलेले. ह्यांनी चारही दिवस दुसरं काही मागितलं नाही.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहायचं कारण नाही. पापास आलिन्यास म्हणजे उकडलेला बटाटा, कांदा, व्हिनेगर, तेल; वर ट्यूना घालतात, म्हणून आधीच "सिन आतून", म्हणजे ट्यूनाशिवाय, म्हणायचं. पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, तीही जिऱ्याची. कॅथेड्रलसमोरच्या एका हॉटेलात मात्र आम्ही फसलो. फोटोंचं मेन्यूकार्ड, पाच भाषा, कोमट पायेया, आणि न मागितलेल्या पावाचे पैसे वेगळे. मुळात पायेया हा भाताचा पदार्थ व्हॅलेन्सियाकडचा. काडिझला येऊन तो मागणं म्हणजे मालवणात जाऊन पुरणपोळी मागणं. चूक निम्मी आमचीच.

आणखी एक. संध्याकाळी सातला जेवायला निघू नका. आम्ही निघालो आणि सगळीकडे खुर्च्या उलट्या. साडेआठच्या आधी स्वयंपाकघर पेटत नाही. सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यांचं तरी काय चुकलं?

ती वेळ ला कालेता या पुळणीवर काढावी. दोन किल्ल्यांच्या मधली ही छोटीशी चंद्रकोर. सांता कातालिना किल्ला आम्ही आतून पाहिला. सान सेबास्तियानच्या वाटेने नुसतं चालत गेलो, दोन्ही बाजूंना पाणी. दुपारपासून तिथे आज्या येतात, घडीच्या खुर्च्या, टेबल, डबे घेऊन, आणि वाळूत गोल बसून बिंगो खेळतात. आमच्या डोंबिवलीच्या भिशीचा गलबला हुबेहूब. एकीने मला हातानेच खुणावून खुर्ची दिली. मला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी येत नाही, तरी माझा नंबर आला तेव्हा तिने माझ्या दंडाला चिमटा काढून कळवलं.

तिसऱ्या दिवशी लेवान्ते सुटला. पूर्वेकडून येणारा कोरडा, गरम वारा. वाळू दातांत, केस तोंडात, पुळण रिकामी. असा दिवस आतल्या गल्ल्यांचा समजावा. आम्ही गल्ल्या धरल्या आणि ह्यांची टोपी तरीही गेली. एकच दिवस राखून आलेल्याच्या नशिबी नेमका हाच वारा आला, तर तो गावाला शिव्या देत परत जाणार.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पायऱ्यांचा कापला.

घरी आल्यावर डोंबिवलीच्या बाजारात ओला जवळा मिळाला तेव्हा तोर्तियीता करून पाहिली. पहिला घाणा भजीच झाला, कारण पीठ भज्याचं होतं. मग घावनाच्या पिठाइतकं पातळ केलं, थंडगार पाण्यात, आणि कडकडीत तेलात चमच्याने सोडून चमच्याच्या पाठीने पसरवलं. चौथ्या खेपेला जाळी पडली. ह्यांनी ती खाल्ली, बोटं चाटली आणि विचारलं, "याच्याबरोबर सोलकढी केली नाहीस?"