सोबतीचे जुने शब्द शोधायला मोल्सवर्थ ऑनलाइन, नक्की वापरा!

शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश फुकट आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि मी तर त्याच्या प्रेमातच पडलोय. देवनागरीत शब्द टाका की एंट्री समोर, शिवाय इंग्रजी अर्थातला शब्द टाकून उलटंही शोधता येतं, म्हणजे सोबत्याला जुन्या मराठीत काय काय म्हणायचे ते एकदम बाहेर येतं. सांगाती, सवंगडी, सखा, भिडू...

आता 'गडी' घ्या ना. खेळातला आपल्या बाजूचा तो गडी, घरात कामाला ठेवलेला माणूस तोही गडी, आणि 'गडी लई जोरात आहे' म्हणतो तेव्हा नुसता पुरुष! एकाच शब्दात सोबती पण आणि नोकर पण, हे मला फार भारी वाटतं, आपण रोज बोलतो पण लक्षात कुठे येतं. 'सोयरा' पण तसाच, सोयरीक म्हटलं की लग्नाने जुळलेलं नातं, पण तुकोबांनी झाडावेलींनाच सोयरी करून टाकलं, तिथे लग्नाचा काय संबंध, नुसती जवळीक. आणि 'सांगड' म्हणजे पाण्यावर तरायला एकत्र बांधलेलं काहीतरी, आपण 'सांगड घालणे' एवढंच वापरतो.

अर्थ सगळे जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत, त्यामुळे शाळेतल्या पोरांना सोबत कुणीतरी बसावं लागेल. बाकी भाषेची आवड असेल तर आधी 'गडी' टाकून बघा.