‘१/१० एचपी’चा स्टिकर आणि आत पेल्टियर: उन्हाळ्यात चिलर घेताना होणारी फसवणूक

मार्च संपत आला की रीफ टँक (प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) असलेल्या घरांत थर्मामीटरकडे बघणं वाढतं. सकाळी २८, दुपारी ३०, रात्री लाइट बंद झाल्यावरही २९. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतं. २९-३० वर काही दिवस गेले की त्यांच्या ऊतींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडू लागतं आणि कोरल पांढरं पडतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सव्वासहा. म्हणून पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. अशा वेळी चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, घ्यायला माणूस घाईत असतो, आणि विकणाऱ्याला ही घाई बरोबर कळते.

सगळ्यात जास्त गळ्यात मारला जाणारा माल म्हणजे पेल्टियरचा डबा: पेल्टियर म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती. बाहेरून झकास दिसतो: काळी बॉडी, निळा डिस्प्ले, मागे दोन नळ्यांची तोंडं, वर ‘१/१० एचपी, २०० लिटरपर्यंत, मरीन’ असा स्टिकर. मागचे चार स्क्रू काढले की आत कॉम्प्रेसर नसतो. दोन पंखे, उष्णता हवेत सोडणारा अॅल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक, आणि मधे पांढऱ्या पेस्टमध्ये बसवलेल्या दोन चौकोनी चकत्या, चार-चार सेंटीमीटर बाजूच्या, प्रत्येकीला एक लाल आणि एक काळी वायर. चकतीवर बहुतेक वेळा ‘टीईसी१-१२७०६’ छापलेलं असतं. म्हणजे अर्धवाहकाच्या १२७ जोड्या आणि ६ अँपिअर. ही चकती थंड करते, हे खरं आहे. पण दोन मिळून पाण्यातून फार तर ५०-६० वॉट उष्णता काढतात, तीही हीटसिंक नीट असेल तर.

आता २०० लिटरच्या, ९० × ४५ × ५० सेंटीमीटरच्या टाकीचा हिशेब मांडा. पाण्यात बुडालेला ३५ वॉटचा रिटर्न पंप (पाणी परत टाकीत चढवणारा) आणि १० वॉटचा वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा) आपली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उष्णता म्हणून सोडतात. झाले ४५ वॉट. डब्याची सगळी कमाई इथेच जिरली. वर एलईडीचे ४० वॉट धरा. खोली ३४ अंशांवर आणि पाणी २६ वर ठेवायचं तर काचांमधून अंदाजे ७० वॉट आत येतात. म्हणजे दीडशे वॉट तर सतत उपसावे लागतात, संप (खालची फिल्टरची टाकी) वेगळाच. अशा टाकीला मोजून २५० ते ३०० वॉट उष्णता काढणारा चिलर हवा. पन्नास वॉटचा डबा चोवीस तास फिरत राहतो, बिल येतं आणि पाणी ३० वरून २९ वर येऊन अडकतं.

विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं: ‘एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, त्याचा दहावा भाग ७५ वॉट, मीटरवर बघा, तेवढेच येतात, वीजही वाचते.’ ऐकायला चोख वाटतं, पण चिलरवरचा एचपी हा कॉम्प्रेसरच्या मोटरचा आकडा असतो. कॉम्प्रेसर खाल्लेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर नेतो आणि पेल्टियर खाल्लेल्या विजेपेक्षा कमी. तेव्हा ७५ वॉट दोन्हीकडे लिहिले तरी पाण्याला मिळणारा गारवा वेगळा असतो.

दुकानातली चाचणीही याच हिशेबावर बेतलेली असते. एसी लावलेल्या दुकानात पाच लिटरची बादली ठेवतात. पन्नास वॉटने पाच लिटर पाणी अर्ध्या तासात चार अंशांनी उतरतं, गिऱ्हाईक बोट घालून बघतं, गार लागतं, व्यवहार होतो. हाच डबा २०० लिटरला लावला तर तासाला पाव अंशही उतरत नाही, आणि तेही पंप-लाइट बंद ठेवले तर.

म्हणून बादली आपली आणि सूत्रही आपलं ठेवा. ४० लिटरचा ड्रम पूर्ण भरा, सोबत छोटा पंप लावा, एसी नसलेल्या ३२ अंशांच्या वर तापलेल्या खोलीत चिलर अर्धा तास चालवा. पाणी ढवळून सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान घ्या. मग लिटर गुणिले उतरलेले अंश गुणिले ७०, भागिले मिनिटं. चाळीस लिटर तीन अंशांनी तीस मिनिटांत उतरले तर ४० × ३ × ७० ÷ ३० = २८० वॉट. हा आकडा खरा. स्टिकरवर काहीही असो, याच आकड्याला पैसे द्या. ‘अशी टेस्ट आमच्याकडे होत नाही’ म्हणाला तर तिथून उठा.

चाचणीशिवायही डबा ओळखता येतो. कॉम्प्रेसरचा चिलर दोन्ही हातांनी उचलावा लागतो, दहा किलोच्या आत क्वचितच असतो. पेल्टियरचा एका हाताने उचलला जातो. त्याला लॅपटॉपसारखा १२ व्होल्टचा अॅडाप्टर असतो. खऱ्या चिलरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात, आर१३४ए वगैरे, आणि चालू होताना फ्रिजसारखा ठक्क आवाज येऊन घरघर सुरू होते. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर सोबत न्या. आणखी एक गोष्ट: या डब्यांतला पाण्याचा ब्लॉक बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. समुद्राच्या पाण्यात तो आतून पांढरी भुकटी धरतो आणि ती टाकीत उतरते.

दुसरी चलाखी डिस्प्लेची. काळा चौकोनी कंट्रोलर, एसटीसी-१००० पद्धतीचा, बऱ्याच जुळवलेल्या चिलरना असतो. त्यात एफ४ ही सेटिंग सेन्सरची चूक दुरुस्त करण्यासाठी असते. तिथे उणे तीन टाकलं की २९ अंशांचं पाणी २६ दाखवतं. गिऱ्हाईक खूश, कोरल मात्र आकसलेलं. एस बटण दाबून एफ४ शून्यावर आहे का ते आधी बघा. मग आपला थर्मामीटर तपासा: फ्रिजमधला बर्फ बारीक फोडून ग्लास काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, पाच मिनिटं ढवळा. शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश इकडे-तिकडे चालेल, दोन अंश नाही.

सगळ्यात महागात पडणारी फसवणूक कॉइलची. खाऱ्या पाण्याच्या चिलरमध्ये पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमचीच हवी. जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर आणि तांब्याची किंवा ३०४ स्टीलची कॉइल जुळवून ‘मरीन’ म्हणून विकणारे आहेत. पुरावा म्हणून ते चुंबक लावून दाखवतात: ‘बघा, चिकटत नाही, टायटॅनियम आहे.’ चुंबक तांब्यालाही चिकटत नाही आणि ३०४ स्टीललाही जवळजवळ नाहीच. त्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही.

तांब्याचा घात टाकीत ठरलेल्या क्रमाने दिसतो. आधी गोगलगायी काच सोडून खाली पडतात आणि उलट्याच राहतात. मग कोळंब्या जातात. मग झोआ आणि झेनिया हे मऊ प्रवाळ उघडेनासे होतात. मासे मात्र टुणटुणीत असतात, आणि विकणारा तेच दाखवतो: ‘मासे बघा ना, पाण्यात काही दोष नाही.’ माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर लिटरमागे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम औषध म्हणून देतात. मासे ते सोसतात, पण बिनकण्याचे जीव त्याने मरतात. लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. त्यामुळे चिलर काढून टाकला तरी टाकी लगेच सुधारत नाही. वर्षानुवर्षं वाढवलेली टाकी अशी जाताना बघणं फार वाईट असतं.

म्हणून टाकीला जोडण्याआधी दहा लिटर मिठाचं पाणी बनवा, कॉपर टेस्ट किटने तपासा, आणि बादलीतून चिलरमध्ये तीन दिवस फिरवत ठेवा. परत तपासा. जे तांबं २०० लिटरमध्ये किटला दिसलंही नसतं ते दहा लिटरमध्ये वीसपट दाट होऊन दिसतं. रंगात किंचितही फरक आला तर माल परत. स्टील या चाचणीत सापडत नाही, त्याला खड्डे पडायला आठवडे लागतात. टॉर्च मारून तोंडाशी तपकिरी डाग दिसतात का ते बघा, आणि बिलावर ‘टायटॅनियम हीट एक्स्चेंजर’ असं मॉडेल व सिरियल नंबरसह लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

जुना चिलर घेताना गॅसचा खेळ असतो. गळक्या मशीनमध्ये गॅस मारून देतात, आठवडाभर बर्फासारखं चालतं, मग थंडावा कमी होत जातो आणि विकणारा हात वर करतो. कॉम्प्रेसरच्या आखूड नळीवर गॅस भरायचा नवा पिन वॉल्व झाळलेला आहे का, जोडांवर तेलकट डाग आहेत का, ते पाहा. तेल दिसलं तर गळती तिथेच. कॉइललाच भोक असेल तर खारं पाणी गॅसच्या बाजूला शिरून कॉम्प्रेसर कायमचा जातो, असा माल फुकटातही घेऊ नये. कुरिअरने आलेला चिलर आडवा पडलेला असू शकतो, तो चोवीस तास उभा ठेवून मगच चालू करा. नाहीतर बिघडल्यावर दोष तुमच्यावरच येतो.

पंख्यांच्या बाबतीत खोटं बोललं जातं ते अर्धसत्य असतं. ‘हा क्लिप-ऑन पंखा पाच अंश उतरवतो’ हे नागपुरात खरं ठरू शकतं, मुंबईत नाही. जिथे खसचा कूलर घर गार करतो तिथेच टाकीवरचा पंखा चालतो. दोन्हीकडे काम बाष्पीभवनाचंच. एक लिटर पाणी उडालं की सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. दिवसाला चार लिटर उडाले तर ११० वॉटचा गारवा सतत मिळाल्यासारखा होतो, फुकटात. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कसं? घरी तपासा: थर्मामीटरच्या टोकाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि पाच मिनिटं टेबलफॅनसमोर धरा. जो आकडा येईल त्याहून दोन-तीन अंश वर, तेवढीच पंख्याची मजल. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओली पट्टी २१ च्या आसपास येते. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना २७. म्हणजे मुंबईतली टाकी पंख्याने २९-३० च्या खाली येणार नाही, कितीही पंखे लावा. पंखा लावलात तर उडालेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चं गोडं पाणीच घाला, मिठाचं नाही. मीठ उडत नसल्यामुळे क्षारता वाढत जाते. पाण्यात ओतायचं ‘कूलिंग लिक्विड’ कोणी विकत असेल तर त्याला हिशेबही मागू नका.

ऑनलाइन व्यवहारात टोकन आधी देऊ नका. चिलरचा व्हिडिओ मागितलात तर त्यात वॉटमीटर, ड्रम आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद एकाच चौकटीत मागा. जुना चिलर तुम्हीच विकत असाल तर ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पैसे यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. वस्तू सदोष निघाली तर ‘नो रिटर्न’ छापलेल्या बिलाला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. ड्रमच्या चाचणीचे फोटो, वॉटमीटरचा आकडा आणि कॉपर टेस्टचा रंग हे पुरावे तिथे बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि भांडण चालू असताना टाकी तर ३१ वर आहे. लाइट बंद करा किंवा चार तासांवर आणा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पृष्ठभागावरची हालचाल वाढवा, खाणं कमी करा. एक लिटरची गोठवलेली बाटली २०० लिटर पाणी सुमारे अर्ध्या अंशाने उतरवते. संपमध्ये एका वेळी एक सोडा, तीन तासांत एक अंशापेक्षा जास्त उतार नको, नाहीतर जिवांना दुसरा धक्का बसतो. बाटलीत गळ्याखाली चार बोटं जागा सोडा आणि नळाचं नाही, आर.ओ.चं पाणी गोठवा, म्हणजे बाटली तडकलीच तर क्लोरीन टाकीत जाणार नाही.